आजीचे दुपटे

माणसाच्या अंगाला लागणारे पहिले वस्त्र कोणते, असा प्रश्न परीक्षेत आला तर बहुतेकजण 'झबले' असे लिहून मोकळे होतील आणि गुण गमावतील. झबल्याच्या बाहीत हात घालून घेण्याइतका धीर त्या इवल्या जिवाला असतो कुठे? त्याला आधी गुंडाळले जाते ते दुपट्यात! दुपट्याला बाह्या नसतात, गुंड्या नसतात, की मापही नसते. आजीचे विटलेले लुगडे आणि आजोबांचे विरलेले धोतर यांच्या पोटी ते जन्माला येते. नव्या कापडाची खळ बाळाच्या कातडीला बोचते. शेकडो धुण्यांनी ज्याचा ताठा उतरला आहे, असेच कापड या कामाला लागते.

दुपट्याविषयी मी, कला शाखेच्या द्वितीय वर्षाच्या विद्यार्थ्याने, लेखणी उचलावी याचे आपणांस नवल वाटेल. त्याचे कारण माझी भाची. ताई पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली आणि आमच्या दोन खोल्यांच्या घरातली झोप उडाली. बाळ पोटभर दूध पिऊन ताईच्या मांडीवर शांत निजे. ताई श्वास रोखून तिला अंथरुणावर ठेवी. आणि पाठ टेकते न टेकते तोच दोन्ही हात फाकून, बोटे ताणून बाळ असे दचके, की जणू कोणी तिला माळ्यावरून खाली सोडले आहे! मग रडे. पुन्हा मांडी, पुन्हा अंथरूण, पुन्हा दचकणे. आठव्या रात्री बाळाबरोबर ताईही रडू लागली. "माझं दूधच पुरत नसेल. मला आई होताच येत नाहीये," असे ती म्हणाली. एरवी घरभर हसत फिरणारी माझी ताई भिंतीला डोके टेकून हे बोलत होती, आणि मी पुस्तक उघडे ठेवून नुसता बसून होतो.

आजी उठली. ट्रंकेतून दुपटे काढले, बाळाचे हात छातीशी घेतले, चार कोपरे चार बाजूंनी आवळले आणि दोन मिनिटांत बाळाचे गाठोडे करून ताईच्या शेजारी ठेवले. ते गाठोडे तीन तास झोपले. ताईही झोपली.

यात जादू नव्हती. बाळाचे ते दचकणे अर्न्स्ट मोरो या बालरोगतज्ज्ञाने १९१८ साली नोंदवून ठेवले आहे आणि त्याला आजही त्याचेच नाव आहे. आधार सुटल्यासारखे वाटले, मोठा आवाज झाला, की नवजात बाळाचे हात आपोआप फेकले जातात. निरोगी बाळाची ती खूण आहे आणि चार ते सहा महिन्यांत ती मावळते. नऊ महिने ज्याने हात हलवला की लगेच भिंत लागत होती, त्याला आता चहूकडे नुसती मोकळी हवा लागते. दुपटे ती हरवलेली भिंत परत आणते, एवढेच.

परंतु कथा येथे संपत नाही. चौदाव्या दिवशी आशाताई बाळाला पाहायला आल्या. वजन केले, ताप पाहिला, आणि दुपटे सोडताच त्यांच्या कपाळाला आठी पडली. आजीने पाय सरळ ताणून, गुडघ्याला गुडघा जुळवून बांधले होते. "असं नाही बांधलं तर पाय फेंगडे होतात," आजी ठामपणे म्हणाली. "या हातांनी सात मुलं वाढवलीत मी."

आशाताई वाद घालीत बसल्या नाहीत. त्यांनी आजीचा हात धरून बाळाच्या मांडीवर ठेवला. "आजी, खुबा म्हणजे उखळ आणि मांडीचं हाड म्हणजे मुसळ. आत्ता हे उखळ उथळ आहे, कोवळं आहे. पाय ताणून बांधले तर मुसळ बाहेर सरकतं. बेडकासारखे दुमडून फाकलेले राहू दिले तर आपोआप खोल बसतं. पोटात दुमडूनच होती की ती!"

आजी बराच वेळ गप्प होती. मग हळूच म्हणाली, "माझी धाकटी बहीण जन्मभर लंगडत चालली. पायामुळं तीन स्थळं परत गेली. तिलाही असंच बांधायचे."

"दुपट्यामुळंच झालं असं नाही सांगता येणार आता," आशाताई म्हणाल्या. "त्याला इतरही कारणं असतात. पण दीड महिन्याच्या लसीला जाल तेव्हा डॉक्टरांना दोन्ही खुबे तपासायला सांगा."

पुढे वाचनात आले, की जपानमध्येही बाळांचे पाय सरळ बांधण्याची चाल होती. १९७५ पासून तेथे ती सोडण्याची मोहीम निघाली, आणि खुबा निखळलेल्या बाळांचे प्रमाण शंभरात एकाहून अधिक होते ते हजारात दोनांच्या खाली आले. केवढा हा फरक, आणि तो केवळ कापडाची खालची घडी सैल केल्याने!

दुपट्याचे कट्टर शत्रूही होऊन गेले. राज्यशास्त्राच्या तासाला भेटणारा रूसो त्यांतलाच. 'सामाजिक करार' लिहिला त्याच १७६२ साली त्याने 'एमिल' प्रसिद्ध केले आणि बाळांना आवळून बांधणाऱ्या दायांवर कोरडे ओढले. बांधलेले बाळ खिळ्याला टांगून त्या आपल्या कामाला जात, अशी त्याची तक्रार होती. मी हे मोठ्या ऐटीने आजीला ऐकवले. आजीने विचारले, "त्यानं स्वतःची किती बाळं निजवली?" आता काय सांगावे? आपली पाचही मुले अनाथगृहात ठेवल्याची कबुली त्यानेच देऊन ठेवली आहे! आजी फक्त हसली. तरी खिळ्याची गोष्ट तिला पटली होती. "बांधून दुसरीकडं जायचं नसतं रे," ती म्हणाली. "बांधून जवळ बसायचं असतं."

त्या महिन्यात मीही दुपटे बांधायला शिकलो. वरचा कोपरा दुमडायचा, त्या घडीवर बाळाचे खांदे; हात छातीशी, कापड आणि छाती यांत दोन बोटे शिरतील इतकी जागा; कमरेखाली सारे सैल. निजवायचे ते उताणेच, तोंड आणि डोके उघडे. मान घामेजली तर दुपटे सोडायचे. दूध पाजतानाही सोडायचे, कारण भुकेले बाळ आधी मूठ तोंडाकडे नेते, आणि बांधलेल्या हातांना ते सांगता येत नाही. पहिल्या दिवशी माझे गाठोडे क्षणात सुटले. आठवड्याने ताई रात्री मला हाक मारू लागली.

दीड महिन्याने डॉक्टरांनी खुबे तपासले. दोन्ही नीट होते. तीन महिने भरायच्या सुमारास बाळ कुशीवर वळू पाहू लागले. बांधलेले बाळ पालथे पडले तर त्याला हात टेकून तोंड वळवता येत नाही, त्याचा श्वास कोंडू शकतो. त्याच दिवशी आजीने दुपटे धुऊन वाळवले, घडी घातली आणि ट्रंकेत टाकले. कोणी तिला सांगावे लागले नाही. बाळ दोन रात्री कुरकुरले, तिसऱ्या रात्री दोन्ही हात डोक्याशी पसरून खुशाल झोपले. आजी तिच्याकडे पाहत म्हणाली, "आता हिला जागा लागेल," आणि आपले अंथरूण हातभर पलीकडे सरकवले.