तिसऱ्या रांगेतून पाहिलेली हायब्रिड गाडी

सात-आठ सीटची गाडी घ्यायची म्हटलं की आपल्या आदिलाबादकडे पहिला प्रश्न येतो, "ॲव्हरेज किती देते?" दुसरा, "ऑन-रोड कितीला पडते?" आणि तिसरा, "रीसेल आहे का?" मागच्या रांगेत कोण बसणार हे कुणी विचारत नाही, कारण ते घराघरात ठरलेलंच असतं. मुलं, सुना, माहेरवाशिणी आणि सामान. मी लग्न होऊन किनवटहून आदिलाबादला आले त्याला सतरा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत घरच्या गाडीत पुढच्या सीटवर मी किती वेळा बसले ते बोटांवर मोजता येईल. म्हणून यंदा घरात हायब्रिड गाडीची चर्चा सुरू झाली तेव्हा मी सांगितलं, तुम्ही पुढून बघा, मी मागून बघते.

आधी आमची गरज सांगते, कारण तुमच्यापैकी बहुतेकांची तीच असेल. घरात आम्ही सहा जण. नणंद आली की सात. आईंचा गुडघा बदललेला आहे, त्यांना तपासणीसाठी नागपूरला न्यावं लागतं. म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ४४ वरून एका बाजूने दोनशेएक किलोमीटर. दीर हैदराबादला, म्हणजे त्याच रस्त्यावर उलट्या दिशेने तीनशे. आणि माहेर, सोयरे, देवदर्शन सगळं पैनगंगेच्या अल्याड-पल्याड. किनवट तालुका १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच होता. राज्यांची फेररचना झाली आणि एका जिल्ह्यातली नाती दोन राज्यांत गेली. लग्नं काही थांबली नाहीत. त्यामुळे आपल्याकडची गाडी निम्मा वेळ सीमेपलीकडे असते.

जुनी डिझेल गाडी दणकट होती, पण उंच. आईंना चढायला डिकीत एक लाकडी पाट कायम ठेवलेला असायचा. गाडी थांबली की कुणीतरी धावत जाऊन पाट काढायचा, दारापाशी मांडायचा, मग आईंनी एका हाताने निऱ्या सावरत चढायचं. लग्नाच्या मांडवापुढे हे करताना त्यांना फार संकोच व्हायचा. हळूहळू त्या म्हणायला लागल्या, "तुम्ही जा, मी घरी थांबते." गाडी बदलायचं खरं कारण हे होतं.

यादीत सगळ्यात वर होती इनोव्हा हायक्रॉस. भाऊजी हैदराबादहून फोनवर म्हणाले, "वहिनी, इनोव्हा म्हणजे ट्रॅव्हल्सवाल्यांची गाडी. जरा एसयूव्हीसारखं काही बघा ना." त्यांचं अगदीच चूक नाही. २००० साली क्वालिस आली, २००५ मध्ये इनोव्हा, २०१६ मध्ये क्रिस्टा; आणि माहूर-शेगावच्या भाड्याच्या गाड्या म्हणून आपण त्या पाहत आलो. २०२२ च्या शेवटी आलेली हायक्रॉस मात्र आतून वेगळी आहे. क्रिस्टा ही जाड पोलादी चौकटीवर बसवलेली, मागच्या चाकांवर चालणारी डिझेल गाडी. हायक्रॉसमध्ये ती वेगळी चौकट नाही, अंग आणि सांगाडा एकच. ताकद पुढच्या चाकांना आणि इंजिन फक्त पेट्रोलचं. दिसायला तिला एसयूव्हीचा थाट दिला आहे, पण आत पाऊल टाकायची उंची कमी. मारुतीची इनव्हिक्टो २०२३ पासून मिळते, ती मुळात हीच गाडी, फक्त हायब्रिडमध्येच येते. ज्यांच्या गावाजवळ मारुतीचं सर्व्हिस सेंटर आहे त्यांनी तिचाही विचार करावा.

हायब्रिडबद्दल आपल्याकडे दोन गैरसमज आहेत. एक, ती चार्ज करावी लागते. लागत नाही. तिला प्लगच नसतो. पेट्रोल इंजिनच्या जोडीला एक इलेक्ट्रिक मोटर आणि लहान बॅटरी असते. ब्रेक लावला, उतार लागला की चाकांची फिरती ताकद वाया न जाता बॅटरीत परत जाते. सावकाश चालताना गाडी बऱ्याचदा निव्वळ मोटरवर सरकते. दुसरा गैरसमज, इलेक्ट्रिक गाडीसारखी करात सूट मिळते. तीही नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या गाड्यांवर ४० टक्के जीएसटी आहे, हायब्रिड असली तरी. त्याआधी मोठ्या हायब्रिडवर सेस धरून ४३ टक्के होता. इलेक्ट्रिकवर मात्र ५ टक्के.

नागपूरच्या एका शोरूममध्ये आम्ही सगळे गेलो. विक्रेता तरुण होता, बोलण्यात गोड. त्याने यांना स्टिअरिंगवर बसवलं, बाबांना शेजारी, आणि मला म्हणाला, "मॅडम, सनरूफ बघा." मी म्हटलं सनरूफ नंतर, आधी सगळ्यात मागची सीट उघडून दाखवा. तो जरा गोंधळला. मागच्या रांगेवर प्लास्टिकचं वेष्टण तसंच होतं, कुणी बसून पाहिलेलंच नसावं.

तिथे आम्ही काय काय पाहिलं ते सविस्तर सांगते, कारण माहितीपत्रकात हे नसतं. आधी आईंना दोनदा चढायला-उतरायला लावलं, तेही कुणी हात न देता. पाट लागला नाही. दारावरच्या दांडीला धरून त्या आपल्या आपण बसल्या. मग मधल्या रांगेचा प्रश्न. सात सीटच्या गाडीत मधे दोन वेगळ्या खुर्च्या असतात आणि त्यांच्यामधून मागे जायला वाट असते. आठ सीटच्या गाडीत मधे सलग बाक, त्यामुळे मागे जायचं तर बाकाचा भाग सरकवावा लागतो, म्हणजे तिथे बसलेल्याला आधी उतरवायचं. एक सीट जास्त मिळते म्हणून लोक आठची घेतात. आमच्याकडे मधे आई बसणार. दर वेळी मुलांना मागे जायचं म्हणून त्यांना उठवायचं का? आम्ही तिथेच सातवर शिक्का मारला.

डिकीसाठी मी घरून दोन बॅगा आणि एक रिकामं पोतं नेलं होतं. विक्रेत्याला हसू आलं, पण आपल्या घरातून गाडी निघते तेव्हा कपड्यांच्या बॅगा असतातच आणि येताना तुरीची डाळ, ज्वारी, उन्हाळ्यात आंबे. तिसरी रांग उभी असताना मागे साधारण तीनशे लिटर जागा उरते. दोन मऊ बॅगा आणि एक लहान पिशवी. पोत्याला जागा नाही. सात माणसं आणि सात माणसांचं सामान या वर्गातल्या बहुतेक गाड्यांत एकत्र मावत नाही, हे आधीच मनाशी धरावं.

टेस्ट ड्राइव्ह वर्धा रोडवर झाली, मेट्रोच्या खांबांच्या शेजारून, गर्दीतून. तिथे गाडीने सगळ्यांना जिंकलं. सिग्नलला इंजिन बंद, तरी एसी चालू, कारण हायब्रिडचा एसी विजेवर चालतो. निघताना आवाज नाही, धक्का नाही. बाबा निवृत्त शिक्षक, सहसा कशाचं कौतुक करत नाहीत, ते म्हणाले, "ही गाडी नाही, झोपाळा आहे." डॅशबोर्डवर ॲव्हरेजचा आकडा वर वर जात होता. पण आपण काही वर्धा रोडवर राहत नाही. आपला रस्ता चौपदरी, मोकळा, तिथे तासन्‌तास एकाच वेगाने गाडी पळते. अशा रस्त्यावर ब्रेक लागत नाहीत, म्हणजे परत मिळवायची ताकदच कमी, आणि बहुतेक काम इंजिनच करतं.

म्हणून दुसरी परीक्षा आपल्या रस्त्यावर घेतली. नांदेडच्या मावसभावाकडे हीच हायब्रिड आहे. दिवाळीच्या सुट्टीत तो किनवटला आला होता, तिथून सगळे माहूरला निघालो. किनवट ते माहूर पन्नासएक किलोमीटर. मी यांना म्हटलं, "आज तुम्ही मागे बसा." ते पाच फूट दहा इंच. पहिली दहा मिनिटं थट्टा झाली. मग ते गप्प झाले. मग म्हणाले, "मधली सीट जरा पुढे घेता का?" घेतली. गुडघ्यांना जागा झाली, पण बसक सपाट असल्यामुळे मांड्या अधांतरी राहत होत्या. छतातला एसीचा झोत मागे नीट पोहोचतो हे त्यांनी कबूल केलं. ऑक्टोबरच्या उन्हात ते समजलं, मे महिन्यात तर त्यावरच सगळं अवलंबून असतं. उतरल्यावर त्यांचा निकाल असा: दोन मोठी माणसं दोन तास आरामात, तिसरं मूल असेल तर चालेल, तीन मोठी माणसं नकोत. मी सतरा वर्षांत जे सांगितलं असतं तेच, पण त्यांच्या तोंडून आलं म्हणून घरात लगेच मान्य झालं. असो.

गडावरून उतरताना बॅटरी भरत जाताना मुलांनी पडद्यावर पाहिली. मावसभावाने किनवटला निघताना टाकी काठोकाठ भरली होती, नांदेडला परत जाऊन पुन्हा भरली आणि हिशेब पाठवला: लिटरला १६ किलोमीटर. कंपनीचा दावा २३.२४ चा आहे. तो ठरवून दिलेल्या चाचणीतला आकडा असतो, भरलेल्या गाडीचा आणि गडाच्या चढाचा नव्हे.

मग घरी वही काढली. आमची गाडी वर्षाला १२,००० किलोमीटर चालते. पेट्रोल सोयीसाठी ११० रुपये लिटर धरलं. हायब्रिडला १६ च्या ॲव्हरेजने ७५० लिटर, म्हणजे ८२,५०० रुपये. हेच १९८७ सीसीचं इंजिन असलेली बिनहायब्रिड हायक्रॉस घेतली आणि तिचं ॲव्हरेज १० धरलं तर १,२०० लिटर, म्हणजे १ लाख ३२ हजार. वर्षाचा फरक ४९,५००. आता दोन्हींच्या किमती. आम्ही पाहिलेल्या व्हेरिएंटमध्ये ऑन-रोड जवळपास सहा लाखांचा फरक होता, कारण लाइफ टॅक्स किमतीच्या टक्क्यांवर लागतो आणि किंमत वाढली की तोही वाढतो. सहा लाख भरून निघायला बारा वर्षं. भाऊजी हैदराबादच्या गर्दीत रोज ऑफिसला जातात, वर्षाला २४,००० किलोमीटर सहज होतात. त्यांच्या हिशेबात ते सहा वर्षांत निघतात. बॅटरीची वॉरंटी आठ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर, जे आधी होईल ते. म्हणजे त्यांच्यासाठी हायब्रिड बरोबर, आमच्यासाठी ती हौस. आणि डिझेलवाल्यांसाठी एक गंमत: जुनी गाडी १२ चं ॲव्हरेज द्यायची, डिझेल ९७ ने धरलं तर वर्षाचे ९७,००० होतात. हायब्रिड तिच्यापेक्षा वर्षाला फक्त साडेचौदा हजारांनी स्वस्त.

बाबांना मात्र हायब्रिडच हवी होती. "आयुष्यात एकदाच घेतो आहे, चांगली घेऊ," असं ते म्हणाले तेव्हा कुणाच्या तोंडून शब्द फुटेना. ठेव त्यांचीच होती. शेवटी आईच बोलल्या. मोठी दहावीत आहे. इंटरला तिला हैदराबादला ठेवायची तर दोन वर्षांची फी आणि हॉस्टेल धरून किती लागतील हा आकडा त्यांच्या डोक्यात आधीपासून होता. "मला खाली पाय टेकता आला पाहिजे, बाकी गाडी आवाज करते की नाही याच्याशी मला काय करायचंय?" बाबा दोन दिवस वही उलटसुलट करत बसले. तिसऱ्या दिवशी त्यांनीच यांना सांगितलं, साधी पेट्रोलची घ्या, सात सीटची, पण ऑटोमॅटिक. (तीही ऑटोमॅटिकच येते. क्रिस्टा मात्र २०२३ पासून मॅन्युअलच मिळते.)

एक सल्ला आम्हालाही बऱ्याच जणांनी दिला, तो तुम्हालाही मिळेल: "यवतमाळच्या नातेवाइकाच्या नावावर घ्या, टॅक्स वाचेल." मोटार वाहन कायद्याप्रमाणे दुसऱ्या राज्यात नोंदलेली गाडी एका राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवली की तिथला नवा नंबर घ्यावा लागतो. शिवाय विमा, कर्ज, उद्या विकायची वेळ, सगळीकडे नातेवाइकाची सही. गाडी नागपूरला घेतली तरी तात्पुरत्या नंबरवर आणून पासिंग आपल्या आदिलाबादलाच करावं. एपी-०१ गेलं, टीएस-०१ गेलं, आता टीजी-०१.

शोरूमला जाताना अजून एक विचारा: तुमच्याच व्हेरिएंटमध्ये एअरबॅग किती आहेत, आणि पडद्यासारख्या उघडणाऱ्या बाजूच्या एअरबॅग तिसऱ्या रांगेपर्यंत पोहोचतात का. हायक्रॉसला २०२५ मध्ये भारत एनकॅपचे पाच स्टार मिळाले आहेत, पण स्टार बघून गप्प बसू नका, उत्तर कागदावर लिहून घ्या. आमच्या विक्रेत्याला ते तोंडी सांगता आलं नाही, आत जाऊन विचारून यावं लागलं.

बुकिंग झालं आहे, गाडी संक्रांतीच्या आसपास येईल. रंग पांढरा, तो बाबांनी ठरवला. पाट आईंनी स्वयंपाकघरात नेला, आता त्यावर पिठाचा डबा आहे. परवा नणंदेचा वणीहून फोन आला होता. म्हणाली, "वहिनी, मधली खुर्ची सरकवायचं लीव्हर कुठे असतं ते मला आधीच दाखवून ठेव. पुढे बसलेल्यांना सांगत बसायला नको."