गिअरबॉक्सचा ताप

ट्रान्समिशन कूलर बसवणं हे आमच्या धंद्यात मोठं काम मानत नाहीत. पुढची जाळी काढा, एसीच्या कंडेन्सरसमोर छोटा रेडिएटर बसवा, दोन होज जोडा, तेल बघा, गाडी द्या. अर्धा दिवस जातो. ज्याला इंजिन उघडता येतं त्याला यात मिरवण्यासारखं काही नाही, म्हणून बऱ्याच गॅरेजांत हे काम नव्या पोराच्या अंगावर टाकतात. मी ते स्वतः करतो, आणि त्यात घाई केलेली मला खपत नाही.

माझं गॅरेज डेन्व्हरच्या पश्चिमेला, डोंगर सुरू होतात त्या अंगाला आहे. गिऱ्हाईक सगळं ओढणारं. कुणाच्या पिकअपमागे कॅम्पर, कुणाच्या मागे घोड्यांचा ट्रेलर, कुणाची बोट. आय-७० महामार्ग इथून निघतो आणि मधले उतार सोडले तर आयझेनहॉवर बोगद्यापर्यंत चढत राहतो. डेन्व्हर ५,२८० फुटांवर, बोगदा ११,१५८ फुटांवर. बोगद्याच्या अलीकडे-पलीकडे सहा-सात टक्क्यांचे चढ. एवढ्या उंचीवर हवा समुद्रकाठच्या मानाने तीसेक टक्के विरळ असते. टर्बो नसलेलं इंजिन तिथे आधीच धापा टाकत असतं, आणि ज्या हवेने तेल थंड करायचं तीही तोकडी पडते.

मी हात काळे करायला शिकलो ते कोल्हापुरात, शिवाजी उद्यमनगरात. तिकडे ओढायचा तो ऊस. हंगामात ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, आणि वर रचलेली मोळी बघून छातीत धस्स व्हावं. क्लच प्लेट जळाली की वास गल्लीच्या तोंडाशी यायचा. साध्या गिअरबॉक्सचं हे बरं असतं, चालवणाऱ्याने काय केलं ते तो तिथल्या तिथे सांगून टाकतो. ऑटोमॅटिक तसा नाही. तो निमूट तापत राहतो, आतलं तेल काळं होत जातं, आणि एक दिवस गाडी गिअरच उचलत नाही. तोवर वॉरंटी संपलेली असते.

ही उष्णता येते कुठून, हे गिऱ्हाइकाला सांगितल्याशिवाय मी पाना हातात घेत नाही. ऑटोमॅटिकमध्ये इंजिन आणि गिअर यांच्यात क्लच प्लेटच्या जागी टॉर्क कन्व्हर्टर असतो. इंजिनाकडची पाती तेल फेकतात आणि त्या तेलाच्या माऱ्याने समोरची पाती फिरतात. मधे नुसतं तेल, म्हणजे थोडी घसर आलीच. सपाट रस्त्यावर आतला लॉकअप क्लच दोन्ही बाजू जखडून टाकतो आणि घसर थांबते. चढावर, मागे तीन टन असताना, लॉकअप सुटतो, आणि घसरीत गेलेली सगळी ताकद उष्णता होऊन तेलात उतरते. इंजिन दीडशे हॉर्सपॉवर देत असेल आणि त्यातली दहा टक्के अशी गेली, तर झाले अकरा किलोवॅट. म्हणजे घरातले पाच-सहा गिझर एकदम चालू, आणि तापवायला तेल अवघं दहा-बारा लिटर.

या तेलाला ऐंशी अंश सेल्सिअसच्या आसपास मानवतं. त्यापुढे दर अकरा अंशांना त्याचं आयुष्य निम्मं होतं, असा मेकॅनिक मंडळींचा जुना ठोकताळा आहे. एकशे पंधराच्या वर तेलाचं वार्निश होऊन व्हॉल्व्हवर चढायला लागतं, आणखी दहा-बारा अंशांनी रबरी सील कडक होतात. हल्लीचे गिअरबॉक्स मुळातच जरा गरम चालवतात, त्यामुळे आकडे थोडे सरकतात. पण चांगलं तेल लाल असतं आणि जळकं तेल तपकिरी, त्यात बदल नाही. पांढऱ्या कागदावर एक थेंब टाकून वास घ्यावा. करपलेला वास एकदा ओळखता आला की विसरत नाही.

तेलावरून आठवलं. पूर्वी या तेलात चक्क देवमाशाचं तेल घालत. स्पर्म व्हेलच्या तेलाने आतल्या प्लेटांची पकड मऊसूत राही. १९७० च्या सुमारास अमेरिकेत देवमाशांना कायद्याचं संरक्षण मिळालं आणि कंपन्यांना दुसरी रसायनं शोधावी लागली. जनरल मोटर्सने डेक्सरॉन-२ सी नावाचं तेल काढलं, तर त्यातल्या रसायनांनी कूलरमधलं डाखकामच खायला सुरुवात केली. मग गंजरोधक घालून १९७५ मध्ये डेक्सरॉन-२ डी आणावं लागलं. तेल आणि कूलर यांचं नातं असं जुनं आहे.

मध्यंतरी इथलाच एक मराठी मुलगा आला. नोकरी सॉफ्टवेअरमध्ये, नवीन कॅम्पर घेतलेला.

"काका, कंपनीच्या कागदावर तर साडेतीन टन ओढते असं लिहिलंय."

"ओढते ना. कुठे ओढते ते लिहिलंय का?"

त्याला बाजारातला सगळ्यात मोठा कूलर हवा होता. मी आधी तेलाचं तापमान दाखवणारा मीटर जोडून दिला आणि म्हटलं, जा, कॅम्पर लावून बोगद्यापर्यंत जाऊन ये, चढावर आकडा बघत राहायला बायकोला सांग. आकडा एकशे अठराला गेला होता. आता बोलायला आधार मिळाला. मोजल्याशिवाय कूलर लावणं म्हणजे थर्मामीटर न लावता तापाची गोळी देणं. आणि मोठ्यात मोठा कूलर घेतला की झालं, हाही गैरसमजच. इथे जानेवारीत पारा उणे वीसच्या खाली जातो. गार तेल घट्ट होतं, गिअर जडपणे पडतात, लॉकअप वेळेवर लागत नाही. म्हणून रेडिएटरच्या पोटात कंपनीने दिलेला कूलर मी काढून टाकत नाही. तेल आधी त्यातून, मग नव्या कूलरमधून, मग परत गिअरबॉक्सकडे. रेडिएटर थंडीत तेलाला ऊबही देतो. ॲरिझोनाच्या वाळवंटात राहणाऱ्याने वेगळा विचार करावा, माझी तक्रार नाही.

रेडिएटरच्या पोटातला तो कूलर कधीकधी आतून फुटतो, हे खरं आहे. मग पाणी आणि तेल एकत्र होऊन गुलाबी दुधाळ रसायन तयार होतं. इथले मेकॅनिक त्याला स्ट्रॉबेरी मिल्कशेक म्हणतात. तो दिसला की गिअरबॉक्स गेलाच म्हणून समजा. जुन्या गाडीत नवा कूलर बसवायचा तर सोबत रेडिएटरही बदला, असं मी सांगतो. निम्मे लोक ऐकत नाहीत.

आता बसवण्याबद्दल. किटमध्ये प्लॅस्टिकच्या लांब काड्या येतात. त्या कंडेन्सरच्या पत्र्यांतून आरपार घालून कूलर त्यावर टांगायचा, अशी त्यांची सोय. या काड्या मी सरळ कचऱ्यात टाकतो. गाडी हादरते, काडी घासते, आणि दोन वर्षांत कंडेन्सरला भोक पडून एसीचा गॅस जातो. त्यापेक्षा लोखंडी पट्टी वाकवून, भोकं पाडून, गाडीच्या आडव्या पत्र्याला बोल्टने पक्की करावी. काम चालू असताना कंडेन्सरवर खोक्याचा पुठ्ठा लावून ठेवतो, कारण पाना निसटला की त्याच्या पापुद्र्यासारख्या पत्र्या क्षणात आडव्या होतात. कूलरची तोंडं वर किंवा बाजूला ठेवायची. खाली ठेवली तर वरच्या भागात हवा अडकते.

गरम तेलाची नळी कुठली आणि परतीची कुठली, हे मी पुस्तकावर सोडत नाही. सकाळी थंड गाडी चालू करायची आणि दोन्ही नळ्यांना हात लावून उभं राहायचं. जी आधी कोमट होते ती गिअरबॉक्सकडून येणारी. परतीची नळी कापायची आणि कापलेल्या टोकाला हत्याराने गोल उभार काढायचा. सगळं काम या उभारावर उभं आहे. सपाट टोकावर होज कितीही आवळा, तेल गरम झालं, दाब आला, की ती हळूहळू सरकते. घाटात ती निसटली तर सगळं तेल बाहेर यायला फार वेळ लागत नाही, आणि ते गरम एक्झॉस्टवर पडलं तर आग लागते. होजही ट्रान्समिशन तेलाचीच हवी, पेट्रोलची चालत नाही. होज क्लिप रबर किंचित फुगेल इतकीच आवळायची, जास्त आवळली की पट्टी रबर कापते. पत्र्याच्या कडेला होज टेकत असेल तिथे मी जुनी सायकलची ट्यूब चिरून गुंडाळतो. ही उद्यमनगरची सवय आहे. अमेरिकन गिऱ्हाईक आधी हसतं, मग कारण विचारतं.

शेवटी तेलाची पातळी. नव्या कूलरमध्ये आणि होजमध्ये अर्धा-पाऊण लिटर तेल जातं, तेवढं भरावं लागतं, आणि ते त्या गाडीला सांगितलेलंच असावं. बहुतेक गाड्यांत तेल गरम असताना, इंजिन चालू ठेवून, सपाट जमिनीवर पातळी बघतात. बऱ्याच नव्या गाड्यांना तर तेल मोजायची कांडीच नसते, खालचा बोल्ट उघडून बघावं लागतं. तो खटाटोप टाळणारे मेकॅनिक पुष्कळ आहेत.

त्या मुलाच्या गाडीचा आकडा नंतर त्याच चढावर अठ्ठ्याण्णवला थांबला. लगेच त्याने विचारलं, मग आता थोडा मोठा कॅम्पर घेऊ का? तर नाही. कूलर बसवून घेणाऱ्या प्रत्येकाला माझं सांगणं आहे: पहिला घाट उतरल्यावर गाडीखाली वाकून होज बघा, क्लिपा पुन्हा तपासून घ्या, चढावर ओझं ओढण्यासाठी दिलेलं टो-हॉल बटण दाबा, पाय हलका ठेवा, आणि कागदावरच्या वजनावर एक किलोही चढवू नका. कूलर लावल्याने ब्रेक मोठे होत नाहीत.