राजाची उडी

आमची चाळ शीव कोळीवाड्यांत होती. जवळच्या स्थानकाला आतां गुरु तेग बहादूर नगर म्हणतात. तेव्हां तें नुसतें 'कोळीवाडा' होतें. दिवेलागणीला आजोबा गॅलरींत बुद्धिबळाचा पट मांडीत. पट कापडी, चौसष्ट घरें एकाच रंगाचीं. त्यांच्या डावांत प्यादें पहिल्या खेळींतही एकच घर चाले. राजाला किल्लेकोट नव्हता. मात्र शह बसण्यापूर्वीं एकदां घोड्यासारखी उडी घेण्याची त्याला मुभा असे. आणि प्यादेमात केल्याशिवाय आजोबांना जिंकल्यासारखें वाटत नसे.

बाराव्या वर्षीं मीं एक इंग्रजी पुस्तक वाचलें आणि चार शेजाऱ्यांदेखत त्यांना म्हणालों, "आजोबा, तुमचे नियम चुकीचे आहेत. आपल्या रामचंद्र सप्र्यांनीं १९५५ सालीं राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवलें, तें ह्या नियमांनीं का?"

"असेल बाबा," एवढेंच ते बोलले आणि मोहरे पिशवींत भरूं लागले. पुन्हां माझ्याशीं ते कधींच खेळले नाहींत.

पुढें वाचन वाढलें, तशी ती संध्याकाळ अधिकच बोचूं लागली. आपलें चतुरंग इराणांत जाऊन चतरंग झालें. अरबांनीं त्याचा शतरंज केला. ह्या साऱ्या प्रवासांत वजीर हा तिरपें एकच घर सरकणारा दुबळा सल्लागार होता! युरोपांत त्याची राणी झाली आणि पंधराव्या शतकाच्या अखेरीस तिला आजची धांव मिळाली. (आम्ही धांव तेवढी घेतली, नांव वजिराचेंच ठेवलें.) आपल्या उंटाला स्पॅनिश लोक 'अल्फिल' म्हणतात, मूळ अरबी अर्थ हत्ती. प्याद्याची पहिली दोन घरांची चाल तिकडचीच. इटलींत तर किल्लेकोटाची निराळी रीत एकोणिसाव्या शतकापर्यंत चालू होती.

पण मला खरी लाज वाटली ती एका लहानशा माहितीनें. मध्ययुगीन युरोपांतही राजाला एकदां अशी उडी घेतां येई, आणि पुस्तकांतला माझा किल्लेकोट तिच्यांतूनच निघालेला! हें कळलें तेव्हां आजोबा नव्हते.

परवां तो पट सांपडला. मोबाइलवर खेळणारा नातू जवळ आला. "आजोबा, यांत काळीं घरें कुठें आहेत?" मीं मोहरे मांडले, आजोबांच्या डावाची रीत सांगितली. हा आतां चूक काढणार म्हणून मी वाट पाहत होतों.

तो पटावर ओणवला. "मग राजाची उडी मी केव्हांही घेऊं शकतों?"

"शह बसला नसेल तोंवर," मी म्हणालों.