पाणबंडी

गेल्या श्रावणांत आमच्या हातून एक चूक घडली. चूक लहान आणि तिची किंमतहि फार नव्हे. परंतु पस्तीस वर्षें मुलांस संस्कृत व्याकरण शिकविलेल्या माणसाकडून ती व्हावी, हें आम्हांस अजून बोंचतें. ज्या घरांत सासूसासरे, लेकसुना व नातवंडें एका छपराखालीं नांदतात, तेथील वडीलधाऱ्यांस तिचा कांहीं उपयोग होईल, म्हणून ती येथें मांडीत आहों.

इंदापूर तालुक्यांतील शेळगांव हें आमचें गांव. आमची थोरली सून दोन वर्षांपासून लांब पल्ल्याच्या धांवण्याचा अभ्यास करीत आहे. पहांटे साडेचारला ती कालव्याच्या बाजूच्या रस्त्यानें निघते आणि नातू उठण्यापूर्वीं घरीं परतते. प्रारंभीं गांवांत कुजबुज झाली. खरें सांगावयाचें तर आमच्या ओटीवरहि झाली. परंतु त्या कुजबुजीस आमच्या शेजारच्या बारामतीनें पूर्वींच उत्तर देऊन ठेविलें होतें. 2013 सालीं तेथील मॅरेथॉनमध्यें श्रीमती लता भगवान करे या साठी ओलांडलेल्या बाई नऊवारी लुगड्यांत, अनवाणी धांवल्या आणि ज्येष्ठांच्या शर्यतींत पहिल्या आल्या. पतीच्या आजारपणासाठीं पैसा हवा होता, म्हणून त्या धांवल्या. पुढें त्यांच्या जीवनावर चित्रपट निघाला व त्यांत त्यांची भूमिका त्यांनीं स्वतःच केली.

एके दिवशीं सूनबाई म्हणाली, "मामंजी, पाणी अंगावर बाळगण्याची बंडी घ्यावी म्हणतें." दुकानदार या वस्तूस 'हायड्रेशन व्हेस्ट' म्हणतात, आमच्या घरांत तिचें नांव 'पाणबंडी' पडलें आहे. आम्ही म्हटलें, "करेबाईंस कोठें बंडी लागली?" ती शांतपणें म्हणाली, "त्यांची शर्यत तीन किलोमीटरांची होती. मला बेचाळीस धांवायचें आहे. पहांटे वाटेंत एक टपरीसुद्धां उघडी नसते." या उत्तरावर आम्हांस बोलण्यासारखें कांहीं उरलें नाहीं.

तिच्या वाढदिवसाचें निमित्त साधून आम्ही पुण्यास गेलों. दुकानांतील मुलानें विचारलें, "आजोबा, कोणासाठीं?" परक्या मुलासमोर सुनेच्या अंगाचें माप कसें बोलावें, या संकोचानें आम्ही म्हटलें, "घरांतल्या माणसासाठीं. मध्यम द्या." त्यानें पुरुषांची मध्यम मापाची बंडी दिली. त्यांत त्याचा काय दोष? आम्ही ती शेल्यांत गुंडाळून आणिली, सूनबाईनें वांकून नमस्कार केला, आणि आम्ही कृतार्थ झालों.

त्यानंतर सहा रविवार ती ती बंडी घालून धांवली. कधीं अठरा, तर कधीं चोवीस किलोमीटर. सातव्या रविवारीं आमच्या घरच्या मंडळींनीं तिला न्हाणीघराशीं खोबरेल तेल लावतांना पाहिलें. काखेखालीं व गळ्याच्या हाडाशीं कातडें सोलवटून रक्ताळलें होतें. समोरच्या दोन भरल्या बाटल्या नेमक्या नको तेथें आपटून दोन्ही बाजूंस काळेंनिळें झालें होतें. "अगो, बोललीस का नाहींस?" असें विचारतां ती म्हणाली, "मामंजींनीं हौसेनें आणलीय. त्यांना वाईट वाटेल." तें ऐकून आमची मंडळी थेट ओटीवर आली व म्हणाली, "अहो, सारा जन्म पोरांना विभक्त्या घोकायला लावल्यात. ही वस्तु कोणाला द्यायची, एवढें नाहीं आठवलें?"

हा घाव वर्मीं बसला. व्याकरणांत दानाची वस्तु तें कर्म, आणि जिला ती द्यावयाची ती संप्रदान. आम्हीं कर्माची चौकशी केली, किंमत पाहिली, रंगसुद्धां पाहिला. संप्रदानाचा मात्र विसर पडला. 'घरांतलें माणूस' असें मोघम बोलून आम्हीं तिचें बाईपणच पुसून टाकलें होतें.

त्यानंतर आम्ही हा विषय विद्यार्थ्याप्रमाणें हातीं घेतला. तेव्हां कळलें कीं, या चुकीचा इतिहास आमच्याहून जुना आहे. ऑलिंपिकमध्यें पुरुषांची मॅरेथॉन 1896 सालीं सुरू झाली, स्त्रियांची 1984 सालीं. मध्यें अठ्ठ्याऐंशी वर्षें गेलीं. धांवणाऱ्या स्त्रीसाठीं घट्ट आंतली चोळीसुद्धां अमेरिकेंतील व्हरमाँट येथें 1977 सालीं तीन स्त्रियांनीं स्वतःच शिवून पाहिली, कारण बाजारांत ती नव्हतीच. पाठीवरच्या पाण्याची कथाहि अशीच घरगुती आहे. टेक्सासमधील एका रणरणत्या सायकलशर्यतींत मायकेल आयडसन यांनीं सलाइनची पिशवी पायमोज्यांत घालून पाठीस लाविली व नळीनें पाणी प्याले. त्यांतून या पिशव्यांचा व्यापार उभा राहिला.

दुसऱ्या खेपेस आम्ही तिघें गेलों. या वेळीं सूनबाई पुढें होती आणि सासूबाई तिच्याशेजारीं. आम्ही पैसे देण्यापुरते मागें उभे राहिलों. तेथें जें शिकलों तें सांगतों. ज्या चोळींत व सदऱ्यांत धांवावयाचें, तेच अंगावर असतांना माप घ्यावें. एक छातीच्या सर्वांत भरीव भागाभोंवतीं आणि एक त्याच्या खालीं. स्त्रियांसाठीं नीट बेतलेल्या बंडींत खांद्यांचे पट्टे जवळ असतात व पाठीची लांबी कमी असते. समोरचे बंद वरखालीं सरकवितां येतात. एक उरोभागाच्या वर आणि दुसरा खालीं, असे ते बांधावे. भरली बाटली छातीवर दाबून बसतां कामा नये; ती बरगड्यांच्या बाजूस किंवा खालीं असावी. मऊ बाटल्या बऱ्या, कारण पाणी कमी होईल तशा त्या आकसतात व आंत पाणी डुचमळत नाहीं.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही कीं, रिकामी बंडी घालून कधीं निर्णय करूं नये. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. बाटल्या भरून, बंद आवळून, जागच्याजागीं धांवून पाहावें. दीर्घ श्वास घेतां छाती अडते काय, हात हालवितांना काठ घासतो काय, पाठीवर ओझें उसळतें काय, हें पाहावें. पाणी संपत जाईल तशी बंडी सैल होते. म्हणून धांवतां धांवतां एका हातानें बंद आवळतां आले पाहिजेत. परत आल्यावर घामाचें मीठ थंड पाण्यानें धुऊन टाकावें, नाहीं तर पुढच्या खेपेस तेंच कातड्यास घासतें.

पाणी जवळ आलें म्हणून तें सतत पीत राहावें, असेंहि नव्हे. 2002 सालच्या बोस्टन मॅरेथॉनमध्यें 488 धांवकांचें रक्त तपासलें, तेव्हां शंभरांत तेरांच्या रक्तांतील सोडियम प्रमाणाबाहेर उतरलें होतें. चार तासांहून अधिक वेळ धांवणारे आणि धांवतांना वजन वाढेल इतकें पाणी पिणारे यांत विशेष सांपडले. त्या शर्यतींत एक तरुण स्त्री याच कारणानें दगावली. म्हणून सूनबाई तहान लागेल तेव्हां पिते, आणि दोहोंपैकीं एका बाटलींत लिंबू, मीठ व साखर घातलेलें असतें.

घरीं येतांना वाटेंत बेलवाडी लागली. आषाढीच्या वारींत तुकोबांच्या पालखीचें गोल रिंगण तेथें होतें. डोक्यावर तुळस आणि पाण्याचे हंडे घेतलेल्या बाया त्या रिंगणांत धांवतांना आम्हीं कितीदां तरी पाहिल्या असतील. आमची मंडळी म्हणाली, "बाईनें पाणी घेऊन धांवणें यांत नवें तें काय?" मग आम्हांस आमच्या आईची चुंबळ आठवली. जुन्या लुगड्याची ती चुंबळ आईच्याच डोक्याच्या बेताची असे. तीच आत्याबाईंनीं घेतली कीं घागर डगमगे. म्हणून विहिरीवर प्रत्येक बाई आपली चुंबळ आपणच वळी. दुसऱ्याची चुंबळ 'मध्यम' म्हणून कोणी आणून दिली असती, तर त्या बाया हंसल्या असत्या.

नव्या बंडीनें सूनबाईनें पुढल्या रविवारीं सव्वीस किलोमीटर धांव घेतली. आम्ही ओटीवर वर्तमानपत्र हातांत धरून बसलों होतों. वाचीत मात्र कांहीं नव्हतों. ती आली, घोटभर पाणी प्याली, आणि पायरीवर बसून म्हणाली, "मामंजी, बाकी सगळें छान आहे; पण डावा बंद अंमळ टोचतो."

आम्ही आंत जाऊन सुईदोरा, कात्री व मऊ मलमलीचा तुकडा घेऊन आलों. बंद कोठें टोचतो तें तिनें बोट ठेवून दाखविलें, आणि तिच्या सासूनें तेथें मलमल शिवली. आतां दर रविवारीं ती परतली कीं आम्ही किती धांवलीस हें विचारण्याआधीं, कोठें टोचलें का, हें विचारतों. आणि टोचलें असेल तर ती सांगते.