पहिले पंधरा दिवस

"गोळीचा गुण उशिरा येईल, त्रास मात्र लगेच होईल," असे डॉक्टरांनी बजावले होते. ते तंतोतंत खरे ठरले!

मन खचले म्हणून उपचार घ्यावेत, तर वर मळमळ, तोंडाला कोरड आणि रात्रभर टक्क जाग. चौथ्या दिवशी मुलुंडहून कॉलेजला निघाले. भांडुप गेले, कांजूरमार्ग गेले. विक्रोळीला मात्र उतरावेच लागले. फलाटावरच्या बाकावर बसून वाटले, दुखणे परवडले, पण औषध नको! त्या रात्री गोळ्यांची पट्टी मी केरात टाकली.

आईने ती उचलून पुसली. रागावली नाही. एवढेच म्हणाली, "तुझ्या आजोबांना क्षयाच्या औषधांनी असेच होई. त्यांनी अर्ध्यावर सोडली असती तर?"

दुसऱ्या दिवशी ती मला डॉक्टरांकडे घेऊन गेली. गोळी रात्रीऐवजी सकाळी, खाल्ल्यावर घ्यायची ठरली. "मनाने बंद करू नकोस, आणि जिवाचे बरेवाईट करावेसे वाटले तर तत्क्षणी सांग," ते म्हणाले.

पुढे वाचनात आले, की १९५२ च्या सुमारास क्षयावरच्या आयप्रोनियाझिड या औषधाने रुग्णांची मनेही उल्हसित झालेली दिसली आणि नैराश्यावरील औषधांची वाट उघडली. आईला हे कुठे ठाऊक होते!

तिसऱ्या आठवड्यात एके सकाळी ती पोह्यांसाठी कांदा परतत होती. त्या वासाने मला चक्क भूक लागली. मी बशी पुढे केली. आई काही बोलली नाही; तिने फक्त गॅस बारीक केला आणि डोळे पुसले. कांद्याचे निमित्त होतेच.