हातातले पायमोजे

गेल्या जानेवारीत वसमत रस्त्याला एका पाटीजवळ मी गाडीची वाट बघत थांबलो होतो. पहाटेची वेळ. धुईतून एक मुलगी सायकलवर आली आणि पुढं धुईतच विरली. पाठीला दप्तर, डोक्याला घट्ट बांधलेली ओढणी, आणि दोन्ही हातांत पायमोजे. करडे, बापाचे असावेत. टाचेचा फुगा मनगटाशी लोंबत होता. पाच-सहा सेकंदांचंच ते दिसणं, पण डोळ्यांसमोरून हलत नाही. पायमोज्यात चारही बोटं एकत्र गुंडाळली जातात. मग ब्रेक कशानं दाबायचा?

परभणीची थंडी लोकांना वर्तमानपत्रातल्या आकड्यातून ठाऊक असते. कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेत २००३ च्या जानेवारीत पारा २.८ अंशांवर उतरला होता. २०१८ च्या डिसेंबरअखेरीसही तो जवळपास तिथंच गेला. हा आकडा जमिनीपासून साधारण चार फुटांवरच्या, झडपांच्या पांढऱ्या पेटीतला. आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असला की जमीन रात्रभर आपली ऊब वर सोडत राहते, आणि गवताच्या पात्यापाशी पारा त्याहून खाली जातो. सायकलवाल्याला तर स्वतःच्या वेगाचा वारा वेगळा. तो आधी बोटांनाच धरतो.

मी अकरावीला होतो तेव्हा आमचं गाव राहटीच्या पुलापलीकडं होतं. परभणी पंधरा-सोळा किलोमीटर. वडिलांची काळी अ‍ॅटलस, सळईचे ब्रेक, मागच्या चाकाला डायनामो. दव पडलं की टायर ओला व्हायचा, डायनामोची चकती त्याच्यावरून नुसती घसरायची आणि दिवा मिणमिणून विझायचा. नेमका धुईच्या दिवशी. पोलादी रिम ओली झाली की ब्रेकची रबरंही तिच्यावरून तशीच सरकायची. म्हणून आई मला एकट्याला जाऊ द्यायची नाही. गावातले चार दूधवाले पहाटे निघायचे, त्यांच्या मधोमध माझी सायकल. पुढं दोघं, मागं दोघं. किटल्यांच्या कड्या वाजत राहायच्या, त्या आवाजावर चालायचं. मला आजही झोपेत कडी वाजल्यासारखी वाटते आणि बरं वाटतं.

एका पहाटे पुलावर मी पडलो. रात्री उसाच्या गाड्या गेल्या होत्या, पाचट सांडलेलं, त्यावर दव. पूल वरून-खालून दोन्हीकडून गार पडतो, नदीची धुई त्याच्यावरच बसते. समोर काहीतरी काळं दिसलं, मी पुढचा ब्रेक आवळला, आणि चाक पायाखालच्या चटईसारखं निघून गेलं. काळं म्हणजे उसाची बैलगाडीच होती. खरं तर तिचा वास आधी आला होता, ओल्या उसाचा गोडसर वास. आखाला बांधलेला कंदीलही मागून दिसायला हवा होता, तो विझला होता. गुडघा फुटला. पण रडू आलं ते बोटांमुळं. ती माझी उरलीच नव्हती, हँडल सुटलं तरी तशीच वाकडी राहिलेली.

आमच्यातले सगळ्यांत म्हातारे दूधवाले मामा उतरले. काही बोलले नाहीत. माझे दोन्ही हात धरून त्यांनी किटलीच्या पोटाला लावले. आत नुकतं काढलेलं दूध होतं. त्या उबेनं आधी बोटं दुखायला लागली, मग जळायला लागली, मग कुठं माझी झाली. म्हैस, तिची धार, मामाचा हात, सगळं त्या पत्र्यातून माझ्यापर्यंत आलं. मागं खोळंबलेले दूधवाले गपचिप उभे होते. शहरात घरोघर लोक दुधाची वाट बघत असतील, याची कुणी आठवणसुद्धा काढली नाही.

"लेकरा, पुलावर बिरेक दाबू नको," मामा निघताना म्हणाले. "पायडल सोड, सायकल सरळ ठिव, तिची ती हळू होती. आन् पुलाच्या आधी थांबून हात काखंत घालायचे. बोटं आपली आसली तर सायकल आपली."

"जगात जर्मनी, भारतात परभणी" हे आमच्याकडं लहान पोरही म्हणतं. माझी भाची खरोखरच जर्मनीत आहे आणि हिवाळ्यातही सायकलनं कामावर जाते. तिकडं डांबरावर बर्फाचा पातळ, पारदर्शक थर बसतो. रस्ता नुसता ओला आहे असं वाटतं. पुलांवर तो सगळ्यांत आधी धरतो. ती सांगत होती, "मामा, तिथं ब्रेक दाबायचा नाही, वळायचं नाही, सरळ जाऊ द्यायचं." मी फोन कानाला तसाच धरून बसलो. तिनं आणखी एक सांगितलं. तिथं घरापुढच्या पायवाटेवरचा बर्फ घरमालकानं काढायचा असतो, बहुतेक गावांत सकाळी सातच्या आत. कुणी घसरून पडलं तर जबाबदार तो. मला हा रिवाज फार आवडला.

आपल्याकडं बैलगाडीचा कंदील गेला, घुंगरू गेले. ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या जोडलेल्या असतात, बाजूनं ऊस हातभर बाहेर आलेला, आणि एखादी ट्रॉली बिघडली की ती रात्रभर रस्त्यावरच उभी. पुष्कळदा मागं दिवा नाही, पट्टी नाही. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळाल्या, हे मला फार मोलाचं काम वाटतं. पण ज्या रस्त्यावर त्या सायकली चालणार तो पहाटे आंधळा आहे, आणि त्या मुलींच्या पुढंमागं दूधवाले नाहीत; ते आता मोटारसायकलवर जातात.

ट्रॉलीवाल्या भावांनो, मागच्या फळीला लाल चकाकणारी पट्टी लावा, आणि रस्त्यात थांबावं लागलं तर मागं दूरवर काहीतरी उजेड ठेवा. आईबापांनो, पोरीला बोटांचे हातमोजे घेऊन द्या. आणि शिकवणीच्या सरांनो, जानेवारीत परभणीला सूर्य उगवायला जवळजवळ सात वाजतात. सहाची तुकडी थंडीचे तेवढे दोन महिने साडेसातला घ्या.