सहा सूत की आठ सूत?

जुन्नर, श्रावण

प्रिय सखे,

तुझा फोन आला तेव्हा मी माडीवर टेप घेऊन फळी मोजत बसले होते. "या वयात भूमिती?" म्हणून हसलीस ना, आता ऐक. माडीच्या जमिनीतल्या सहा फळ्या वाळवीने खाल्ल्या. मिस्त्रींनी विचारलं, "ताई, सहा सूत घ्यायची की आठ सूत?" आठ सूत म्हणजे एक इंच, हे मुद्दाम सांगते, गणितात तू माझ्याच वहीत बघून लिहायचीस.

मी आपली चिकटू. सागवान घनफुटावर मिळतं. दोन सूत जाडी वाढली की लाकूड तिसऱ्या हिश्शाने वाढलंच. "सहाच घ्या," म्हटलं. मिस्त्री काही बोलले नाहीत. एक पाऊण इंची फळी कड्यांवर टाकली आणि ह्यांना म्हणाले, "साहेब, जरा उभे राहा." आमच्या कड्या दोन-दोन फुटांवर. फळी अशी लचकली की ह्यांनी सगळ्यांदेखत माझा पदर धरला! "आणि रंधा मारल्यावर सहाची पाचच उरते," मिस्त्री शांतपणे म्हणाले.

भाच्याने पुण्याहून बारा मिलिमीटरच्या तयार फळीचा नमुना आणला होता. देखणा! कडेने पाहिला तर आत दाबलेला भुसा आणि वर लाकडाचा चक्क फोटो. तुझ्या टोरांटोच्या घरातलं ओक तरी खरं आहे ना गं?

खरी गंमत जुन्या फळीची. भिंतीलगत ती दहा सूत भरली, जिन्याच्या तोंडाशी आठच. दोन सूत पणजोबांपासूनच्या पावलांनी नेले. त्यातला अर्धा तरी आपला. सागरगोटे घेऊन किती धडधडत वर जायचो! आणि ती फट आठवते? खाली बसलेल्या तात्यांच्या टकलावर चिंचोके सोडायचो ती? ती फळीही चाललीय. मी जरा वेळ तिथेच बसून राहिले.

शेवटी आठ सूत ठरलं. मंचरच्या वखारीतून फळ्या आल्यात, मध्ये पट्ट्या घालून पडवीत रचल्यात. वर मांजर झोपतं. नाणेघाटाकडून असा पाऊस लागलाय की चार दिवस शिवनेरी दिसलेला नाही. मिस्त्री म्हणतात, दिवाळीनंतरच ठोकू. आत्ता ओल धरलेली फळी बसवली तर चैत्रात आकसून फटी पडतील.

मलाही घाई नाही. तू मे महिन्यात नक्की येतेस ना? चिंचोके डब्यात भरून ठेवलेत.

तुझीच